सरकी, ढेप आणि मांजराचे खाद्य

कापसातून रुई काढली की सरकी उरते. सरकीचे तेल काढले की ढेप उरते. तुरीची डाळ केली की चुनी, ज्वारीचे कणीस खुडले की कडबा आणि सोयाबीनचे तेल काढले की डीओसी उरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पशुखाद्याचा इतिहास हा अशा उरलेल्या मालाचा इतिहास आहे. खास जनावरासाठी म्हणून इथे फारसे काही पेरले गेले नाही. माणसाने, आणि पुढे कारखान्याने, आपला वाटा काढून घेतल्यावर जे राहिले ते गोठ्यात गेले. बैलाच्या पोटाला ते मानवले. गेल्या काही दशकांत हाच माल कोंबडीच्या आणि शेवटी मांजराच्या खाद्यात शिरला, आणि तिथे प्रथिनाचा जुना हिशेब चुकू लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या लमाणी बैलांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८२०च्या दशकात विकाजी आणि पेस्तनजी या पारशी बंधूंनी त्याला मुंबईची वाट दाखवली. कोणतीही दिशा असली तरी ओझे बैलाच्या पाठीवर होते. कापसाच्या वजनात रुई एक तृतीयांशाच्या आसपास असते, बाकी सारी सरकी. ती सरकी शेकडो मैल वाहून नेणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून कापूस गावातच लाकडी चरख्यावर सरकून घेतला जाई. रुई परगावी जाई आणि सरकी घरात राही. तिच्यातली थोडी पुढच्या पेरणीला ठेवली जाई आणि बाकीची भिजवून बैलांना व दुभत्या जनावरांना घातली जाई. वऱ्हाडातल्या काळ्या, चिकट जमिनीत वखर ओढणाऱ्या बैलाला नुसत्या कडब्यावर ताकद राहत नाही, हे कास्तकाराला पुस्तकाशिवाय माहीत होते. सरकीत तेलही असते आणि प्रथिनही. त्या काळात तिला दाम पडत नव्हता, पण तिच्याइतके सकस खाद्य गावात दुसरे क्वचितच होते.

या सवयीचा ठसा एका अनपेक्षित जागी उमटलेला आहे. सरकी खाणाऱ्या म्हशी-गायींच्या दुधातली चरबी वेगळी उतरते. तूप घट्ट व रवाळ होते आणि त्यातल्या उडनशील मेदाम्लांचे प्रमाण घटते. तुपातली भेसळ ओळखण्याच्या ‘रायकर्ट-माइसल अंका’त हेच प्रमाण मोजले जाते, त्यामुळे कापूसपट्ट्यातले शुद्ध तूपसुद्धा प्रयोगशाळेत भेसळीचे ठरू शकते. सरकीचे तेल ओळखण्याच्या चाचणीतही ते होकारार्थी उत्तर देते. १९५४च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील मानकांत आणि अ‍ॅगमार्कमध्ये म्हणूनच कापूसपट्ट्यातील तुपासाठी वेगळा, सैल निकष ठेवावा लागला. गोठ्यात काय घातले जाते, याची इतकी स्पष्ट नोंद सरकारी कागदात सहसा सापडत नाही.

१८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६४मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके एकत्र करून ‘आग्नेय वऱ्हाड’ जिल्हा झाला. पुढे त्याला वणी जिल्हा म्हणू लागले. १९०५मध्ये पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. दरम्यान अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापसाची गरज भासली होती. १८६७मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत अरुंद मापाचा मार्ग टाकला. हीच पुढे लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’ झालेली गाडी. ती बांधली गेली ती कापसासाठी, उतारू नंतरचे.

या रेल्वेने आणि रुईतून सरकी वेगळी करणाऱ्या, वाफेवर चालणाऱ्या जिनांनी गोठ्याचे जे केले त्याकडे कापसाच्या इतिहासात फारसे लक्ष दिलेले आढळत नाही. जिन शहरात आला म्हणजे कापूस सरकीसकट गाडीत भरून शहरात जाऊ लागला. घरात राहणारी सरकी आता जिनमालकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या वखारीत पडू लागली. जे खाद्य घरचे होते ते कास्तकाराला विकत घ्यावे लागू लागले. शिवाय जिनमध्ये दहा गावांच्या सरक्या एकत्र मिसळत, आणि त्याच ढिगातून पेरणीचे बी परत गावात येई. लांब धाग्याची जुनी ‘बनी’ जात मागे पडून आखूड धाग्याची, पण शेकडा जास्त रुई देणारी ‘जरी’ सर्वत्र पसरली, त्यात या मिसळीचाही वाटा होता. रुईचा उतारा वाढला, म्हणजे त्याच वजनाच्या कापसामागे गोठ्याचा वाटा आणखी आटला.

बाजाराची शिस्त मात्र कापसाभोवतीच उभी राहिली. १८८६मध्ये दारव्ह्याजवळच्या कारंज्यात देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. वजनमाप, दलाली, अडत यांना त्यात नियम मिळाले. खाद्याच्या मालाला तशी शिस्त लागायला बराच काळ जावा लागला.

सरकीचे तेल काढण्याची चाल इथे उशिरा आली. तिळाची, जवसाची, करडईची घाणी गावोगाव होती आणि त्यांची ढेप बैलांना लाभते हेही ठाऊक होते. सरकीचे कच्चे तेल मात्र गडद रंगाचे आणि कडवट असते. ते शुद्ध केल्याशिवाय खाता येत नाही, आणि शुद्ध करण्याची यंत्रे गावच्या तेल्याकडे नव्हती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकीच्या तेलाचा मोठा उद्योग उभा राहिला. वऱ्हाडात स्वातंत्र्यानंतरही बरीच सरकी अख्खीच गोठ्यात जात होती. पुढे सरकारनेच तेलाच्या टंचाईपोटी गाळपाला उत्तेजन दिले आणि अकोला-खामगावकडे तेलगिरण्या वाढल्या. गोठ्यात अख्ख्या सरकीच्या जागी ढेप आली. तेल माणसाने घेतले. जनावराला प्रथिन आणि टरफल राहिले. टरफलासकट काढलेल्या ढेपेत प्रथिन २२ टक्क्यांच्या आसपास असते आणि जवळजवळ तेवढाच चोथा असतो. टरफल काढून गाळली तर हेच प्रमाण ४० टक्क्यांवर जाते, पण तशी ढेप इथल्या बाजारात कमीच दिसते.

सरकीच्या तेलाला काळपट करणारे द्रव्य म्हणजे गॉसिपॉल. कपाशीचे झाड ते किडींपासून बचावासाठी तयार करते. जनावराच्या दृष्टीने ते विष आहे. पण गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे सूक्ष्मजीवांनी भरलेली कोठी असते. तिथे गॉसिपॉलचा मोठा भाग प्रथिनाला चिकटून निष्प्रभ होतो. कोंबडी, डुक्कर, मासा यांना अशी कोठी नाही. सरकीच्या ढेपेचे प्रमाण वाढवले तर कोंबडीची वाढ खुंटते आणि साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. ढेप तापवली तर मोकळे गॉसिपॉल कमी होते खरे, पण ते लायसीन या अमिनो आम्लाला धरून बसते, आणि लायसीन हेच वनस्पतिज प्रथिनात मुळात तुटपुंजे. म्हणजे विष काढायला गेले की प्रथिनाची प्रत उतरते. टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांनी बियांत गॉसिपॉल नसलेला कापूस तयार केला आणि २०१८मध्ये अमेरिकी कृषी खात्याने त्याच्या लागवडीला मोकळीक दिली. विदर्भाच्या शेतापर्यंत तो आलेला नाही.

बैलाच्या त्याच कोठीने ढेपेच्या व्यापाऱ्याला आणखी एक सवलत दिली. तिथले सूक्ष्मजीव हलक्या प्रथिनापासून, इतकेच नव्हे तर साध्या नत्रापासूनही स्वतःचे प्रथिन घडवतात आणि पुढच्या कप्प्यात तेच जनावराच्या उपयोगी पडते. ढेपेतले प्रथिन कोणत्या प्रतीचे आहे हा प्रश्न त्यामुळे गोठ्यात फारसा कळीचा ठरला नाही. आकडा महत्त्वाचा ठरला. हा आकडा येतो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून. तिथे योहान केल्डाल यांनी १८८३मध्ये अन्नातला नत्र मोजण्याची रीत बसवली. नत्राला ६.२५ने गुणले की ‘कच्चे प्रथिन’ मिळते. भारतीय मानक ब्यूरोच्या गुरांच्या मिश्र खाद्याच्या मानकातले २२ आणि २० टक्के हे आकडेही याच रीतीचे. रीत स्वस्त आणि खात्रीची आहे, पण ती प्रथिन मोजत नाही. ती नत्र मोजते. युरियात ४६ टक्के नत्र असतो. एक क्विंटल खाद्यात एक किलो युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ तीन टक्के प्रथिन वाढते, आणि खर्च नगण्य येतो. थोडा युरिया बैल पचवतो, म्हणून मानकातही त्याला मर्यादित जागा आहे. मात्रा वाढली की रक्तात अमोनिया चढून जनावर दगावते.

१९७२पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. सारा कापूस सरकारी यंत्रणेने घ्यायचा, सरकवून घ्यायचा आणि रुई व सरकी विकून शेतकऱ्याला भाव द्यायचा, अशी ती रचना होती. सुमारे तीन दशके यवतमाळ, वणी, पांढरकवडा, घाटंजी, दिग्रस इथल्या केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत. सरकी या काळात लिलावाचा माल होती. योजना संपली तेव्हा देशात बीटी कापसाला परवानगी मिळून गेली होती (मार्च २००२), आणि वायदेबाजाराचा काळ सुरू झाला होता. एनसीडीईएक्स या वायदेबाजारात सरकी ढेपेचे सौदे सुरू झाले ते अकोला हे आधार केंद्र धरून. तेव्हापासून पुसदच्या दुकानातल्या पोत्याचा भाव अकोल्याच्या पडद्यावरच्या आकड्याशी बांधला गेला. आज जिल्ह्यातली बहुतेक सरकी बीटी वाणाची आहे आणि तिची ढेप निर्धोक विकली जाते; सोयाबीनच्या जनुकबदल वाणाला मात्र देशात लागवडीची परवानगी नाही. ऑगस्ट २०२१मध्ये कोंबडीखाद्य महागले तेव्हा १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला केंद्राला खास परवानगी काढावी लागली. धोरणातली ही विसंगती अजून कोणी मिटवलेली नाही.

सोयाबीन हे या जिल्ह्याचे नवे पीक. १९६०च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकी वाणांवर काम सुरू झाले. माळव्यात ते आधी रुजले, इंदूर त्याचे केंद्र बनले. १९८६च्या तेलबिया तंत्रज्ञान मोहिमेने त्याला बळ दिले आणि १९९४मध्ये आलेल्या जेएस ३३५ या वाणाने विदर्भ काबीज केला. हे पीक शंभर दिवसांच्या आसपास हाती येते, भांडवल कमी लागते आणि दिवाळीआधी पैसा देते. कपाशीच्या वेचणीला मजूर मिळेनासे झाले तशी दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेडच्या पट्ट्यात सोयाबीनची शेते वाढत गेली. या घडामोडीत हरली ती ज्वारी. ज्वारी गेली म्हणजे माणसाची भाकरी गेली आणि जनावराचा कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही. याच काळात बैलही कमी झाले. त्याची कारणे अनेक आहेत, ट्रॅक्टर हे मोठे. पण चाऱ्याची ही तूटही त्यात धरली पाहिजे.

सोयाबीनला तेलबी म्हणतात, पण त्यात तेल १८ ते २० टक्के आणि प्रथिन ४० टक्क्यांच्या घरात असते. एक क्विंटल दाणा गाळला की ८० किलोंच्या आसपास पेंड उरते. तेल काढण्यासाठी द्रावकाचा वापर होतो, आणि तेल काढून घेतलेली पेंड (डी-ऑइल्ड केक) म्हणून तिला बाजारात डीओसी म्हणतात. तिच्यात ४४ ते ४८ टक्के प्रथिन असते. उद्योग उभा राहिला तो याच पेंडेच्या निर्यातीवर. तेल हा जोडमाल म्हणावा अशी स्थिती होती. लायसीन भरपूर असल्याने ही पेंड मक्याची उणीव भरून काढते. मका आणि सोयापेंड ही जोडी म्हणूनच जगभर कोंबडीखाद्याचा पाया बनली. एक अट मात्र आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनरस अडवणारे घटक असतात. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७मध्येच दाखवले होते की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. पेंड नीट भाजणे हे कारखान्याचे काम आहे. कमी भाजली तर पचत नाही, जास्त भाजली तर लायसीन जळते. केल्डालच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

या मालाचे सर्वात धाकटे गिऱ्हाईक म्हणजे मांजर. वऱ्हाडातल्या घरांत मांजर पाळले गेले ते उंदरांसाठी. ज्वारीच्या पेवाभोवती आणि सरकीच्या ढिगाभोवती उंदीर ठरलेले. घरातून मांजराला दुधात कुस्करलेली भाकरी मिळे, आणि त्यावर ते जगते असा समज होता. प्रत्यक्षात ते जगे उंदरांवर, भाकरी वरकड. शहरांत उंदराची शिकार संपली, दारे बंद झाली आणि मांजराचे पोट पूर्णपणे पाकिटातल्या तयार खाद्यावर आले. अशा पाकिटांची सुरुवात युरोप-अमेरिकेत झाली. लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट यांनी १८६०च्या सुमारास कुत्र्यांची बिस्किटे काढली. १९५७मध्ये अमेरिकेत दाबयंत्रातून फुलवलेले कोरडे दाणे बाजारात आले आणि लवकरच मांजरासाठीही तेच तंत्र वापरले गेले. या यंत्राला पिष्ट लागते. पीठ नसेल तर दाणा फुलत नाही आणि आकार धरत नाही. मका, गहू, तांदळाची कणी या खाद्यात आली ती स्वस्त म्हणून आणि यंत्राची गरज म्हणूनही. त्यांच्या मागून सोयापेंड आणि मक्याचे ग्लुटेन आले, कारण पाकिटावरचा प्रथिनाचा आकडा भरायला मांसापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

मांजर हे बैलाच्या अगदी दुसऱ्या टोकाचे जनावर आहे. त्याच्या पोटात हलक्या प्रथिनाचे चांगले प्रथिन करणारी कोठी नाही. त्याचे यकृत खाण्यात प्रथिन असो वा नसो, ते जाळण्याची गती फारशी कमी करू शकत नाही. अमेरिकेतल्या मानकानुसार मोठ्या मांजराच्या खाद्यात कोरड्या वजनावर किमान २६ टक्के आणि पिलाच्या खाद्यात ३० टक्के प्रथिन हवे, ते यासाठी. आर्जिनीन हे एक अमिनो आम्ल एका जेवणात पूर्णपणे गाळले तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया साचतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत मॉरिस आणि रॉजर्स यांनी १९७८मध्ये दाखवले. टॉरीनची कथा तर अधिक बोलकी आहे. हे द्रव्य मांसात असते; धान्यात आणि सोयाबीनमध्ये जवळपास नसते. बहुतेक प्राणी ते शरीरात तयार करतात, मांजर पुरेसे करू शकत नाही. १९७५मध्ये हेज आणि सहकाऱ्यांनी टॉरीनअभावी मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे सिद्ध केले. तरीही बाजारातली पाकिटे ‘पूर्ण आहार’ म्हणून विकली जात राहिली. १९८७मध्ये पॉल पायन यांनी दाखवले की, मांजरांत सर्रास दिसणारा हृदय पसरण्याचा विकार याच कमतरतेचा आहे आणि टॉरीन दिल्यावर तो बरा होतो. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीन वाढवले. सोया प्रथिन जास्त असेल तर पित्तावाटे टॉरीन अधिक वाया जाते, त्यामुळे अशा खाद्यात ते वरून अधिक घालावे लागते.

केल्डालच्या रीतीतली जुनी फट मांजरांच्या खाद्यातच सर्वात निर्दयपणे उघडी पडली. मार्च २००७मध्ये कॅनडातील मेनू फूड्स कंपनीने सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलॅमीन हे रसायन मिसळलेले निघाले. त्यात ६६ टक्के नत्र असतो, म्हणजे नुसत्या आकड्याच्या भाषेत ते ४०० टक्क्यांहून अधिक ‘प्रथिन’. मेलॅमीन आणि त्याच्या सोबतीच्या रसायनाचे खडे मूत्रपिंडात साचले आणि अनेक मांजरे-कुत्री दगावली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बाळांच्या दुधात तेच सापडले. युरिया घातलेली ढेप आणि मेलॅमीन घातलेले ग्लुटेन यांची युक्ती एकच. फरक इतकाच की, बैलाकडे तिला थोडे तरी पचवायची सोय आहे.

याचा अर्थ वनस्पतिज घटक मांजराला विष आहेत, असा नव्हे. शिजवलेले पिष्ट मांजर बऱ्यापैकी पचवते. भाजलेली सोयापेंड, वरून घातलेले मेथिओनीन, टॉरीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व यांच्या जोरावर मांजर जगवता येते. पण अशा खाद्याची सारी भिस्त मिश्रण करणाऱ्याच्या काटेकोरपणावर राहते. मांसावर आधारलेल्या खाद्यात चूक झाली तरी पदरी काही शिल्लक असते. पाकिटावर घटक साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत मका, गहू, तांदूळ आणि सोयापेंडच असेल, तर प्रथिनाच्या टक्केवारीतला मोठा भाग शेतातून आलेला आहे, हे समजावे. ताजे मांस पहिले दिसले तरी त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते, हेही लक्षात घ्यावे.

सोयापेंडेच्या एकूण उलाढालीत पाळीव मांजरांचा वाटा किरकोळच आहे. बहुतेक पेंड कोंबडी खाते. यवतमाळच्या सोयाबीनचा भाव त्या गिऱ्हाइकावर ठरतो. अलीकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल केल्यावर उरणारा डीडीजीएस हा चोथा खाद्य कारखान्यांना स्वस्तात मिळू लागला आणि पेंडेची मागणी दबली. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना विदर्भातल्या बाजार समित्यांत दाणा त्याखाली विकला गेला, त्याच्या कारणांत उरलेल्या मालाची ही नवी स्पर्धाही होती.